व्हेनिस : कालव्यांच्या शहरातले अरबी शब्द आणि रात्रीचे कुलूप

व्हेनिसची खरी सकाळ पर्यटक झोपेत असतानाच होऊन जाते. सहा-सातच्या सुमारास रिआल्तोच्या पुलाजवळ मालाच्या नावा लागू लागतात. भाजीच्या पेट्या, पाण्याच्या बाटल्या, हॉटेलांच्या धुतलेल्या चादरींची गाठोडी, सिमेंटची पोती, कुणाच्या तरी घरचे नवे कपाट, सगळे पाण्यावरून येते. या जुन्या शहरात मोटार नाही, ट्रक नाही, स्कूटर नाही. सायकल चालवायलाही बंदी आहे. नावेतला माल हातगाडीवर चढतो आणि तिथून पुढे माणसाच्या दंडातल्या ताकदीवर जातो. या हातगाडीला पुढे दोन छोटी जादा चाके असतात. ती पुलाच्या पायरीवर टेकवायची आणि गाडी वर रेटायची. चारशेहून अधिक पूल असलेल्या शहरात ही युक्ती एखाद्या हमालालाच सुचली असणार. गर्दीतून गाडी काढताना तो ‘आत्तेन्त्सिओने!’ असे ओरडतो. आपल्याकडे मंडईत ‘चला, बाजूला व्हा’ म्हणतात, अगदी त्याच सुरात.

कचरा नावेतून, टपाल नावेतून, आग विझवणारे नावेतून, रुग्णही नावेतूनच. शेवटचा प्रवाससुद्धा पाण्यावरून, सान मिकेले नावाच्या कबरस्तानाच्या बेटाकडे. वापोरेत्तो ही इथली बस, १८८१ पासून चालणारी. सकाळच्या वापोरेत्तोत दप्तरे घेतलेली मुले असतात आणि चाकांच्या पिशव्या घेऊन बाजाराला निघालेल्या म्हाताऱ्या असतात. या म्हाताऱ्यांकडे पाहत राहावे. एका हातात पिशवी, दुसरा हात कठड्यावर. पूल चढायचा, वर क्षणभर थांबायचे, उतरायचे, आणि घर येईपर्यंत हे पाच-सहा वेळा. गोंडोलात बसून फोटो काढणाऱ्यांच्या व्हेनिसपेक्षा मला हे व्हेनिस जास्त पाहण्यासारखे वाटले. गोंडोलाचा अर्ध्या तासाचा दर ९० युरो आहे. मोठा कालवा ओलांडून देणारी त्राघेत्तो नावाची साधी तर मात्र दोन युरोत पलीकडे नेते. मी त्यातच भागवले.

मासळीबाजाराच्या बाजूला एक जुनी संगमरवरी पाटी आहे. कोणता मासा किमान किती लांबीचा असेल तरच विकता येईल, हे तिच्यावर कोरलेले आहे. पिल्ले पकडू नका, उद्याही मासा लागणार आहे, असा तिचा सरळ अर्थ. ही पाटी मला या शहराच्या स्वभावाची किल्ली वाटते. व्हेनिसने हजार वर्षे राज्य केले ते नियम, हिशेब आणि काटकसर यांच्या जोरावर. शौर्याच्या गोष्टी नंतर चित्रकारांनी रंगवल्या.

मुळात ही जागाच राहण्यासारखी नव्हती. पाचव्या ते सातव्या शतकात उत्तरेकडून टोळ्या येऊ लागल्या तेव्हा मुख्य भूमीवरची माणसे जीव वाचवायला खाडीतल्या चिखलाच्या बेटांवर आली. घरे बांधायची तर खाली दगड नाही. म्हणून चिखलात लाकडी खांब शेजारी शेजारी ठोकायचे, त्यावर फळ्या, त्यावर इस्त्रियाचा पांढरा दगड आणि त्यावर इमारत. चिखलात हवा पोचत नाही म्हणून लाकूड कुजत नाही. १६३० च्या प्लेगनंतर नवस फेडण्यासाठी बांधलेल्या सांता मारिया देल्ला सालूते या चर्चखाली असे दहा लाखांहून जास्त खांब असल्याचे सांगतात. अशी ११८ लहान बेटे पुलांनी जोडून हे शहर झाले आहे.

आणि चारी बाजूंना पाणी असूनही प्यायला पाणी नव्हते. प्रत्येक चौकात मधोमध नक्षीदार दगडी तोंडाची विहीर दिसते. ती खरे तर विहीर नव्हे, पावसाच्या पाण्याचे टाके आहे. चौकाच्या खाली खोल खड्डा, त्याला चिकणमातीचा लेप म्हणजे खारे पाणी आत येणार नाही, आत वाळू, मधे विटांचा हौद. चौकातल्या फरशीच्या उतारावरून पावसाचे पाणी भोकांतून आत जायचे, वाळूतून गाळून हौदात यायचे. मुख्य भूमीवरून नळाचे पाणी आले ते १८८४ मध्ये. औरंगाबादची नहर पाहिलेल्या माणसाला इथल्या चित्रांच्या दालनांइतकेच या टाक्यांपाशीही थांबावेसे वाटेल.

आता रिआल्तोकडे परत येऊ, कारण खरा इतिहास इथे आहे. हा बाजार युरोपचा खजिना होता आणि इथे बोलल्या जाणाऱ्या भाषेत अरबी शब्द जागोजागी आहेत. जकातघराला इटालियनमध्ये दोगाना म्हणतात. हा आपला दिवाण. (आपण मराठीत त्याला जकातनाका म्हणतो. गरिबांच्या हक्काच्या जकातीचे नाव नाक्यावरच्या वसुलीला कसे चिकटले, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे.) गोदाम म्हणजे मागाझ्झीनो, अरबीतले मखाझिन, आपल्या खजिन्याचे सख्खे भावंड. दलाल म्हणजे सेन्साले, अरबीतला सिमसार. दरपत्रक म्हणजे तारीफ्फा, आपल्या तारीफच्याच धातूपासून आलेले. जहाजे बांधण्याचा कारखाना म्हणजे आर्सेनाले, मूळ शब्द दार-अस-सिनाआ, कारागिरीचे घर. या कारखान्यात सोळाव्या शतकात हजारो कारागीर होते. जहाजाचे तयार भाग रचून ठेवलेले असत. १५७४ मध्ये फ्रान्सचा राजा तिसरा हेन्री आला तेव्हा त्याचे जेवण होईपर्यंत एक जहाज जोडून दाखवले, अशी आख्यायिका आहे.

सगळ्यात रंजक शब्द टांकसाळीचा. व्हेनिसची टांकसाळ म्हणजे झेक्का. मूळ अरबी सिक्का, मराठीत शिक्का. झेक्कात पडलेले नाणे ते झेक्कीनो. पुढे फ्रेंच-इंग्रजीत त्याचे सिक्विन झाले. आज साडीवरच्या चमचमत्या टिकल्यांना दुकानदार सिक्विन म्हणतो तो हाच शब्द. व्हेनिसचे सोन्याचे डुकाट १२८४ मध्ये पहिल्यांदा पाडले गेले. वजन साधारण साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शुद्ध, आणि पाचशे वर्षे त्यात फारसा फरक केला नाही. एका बाजूला संत मार्क उभा आणि त्याच्यासमोर गुडघे टेकलेला व्हेनिसचा दोजे, म्हणजे शासक. दुसऱ्या बाजूला ताऱ्यांच्या वर्तुळात येशू. मिरी, आले, दालचिनी घ्यायला हे नाणे अलेक्झांड्रियाला जायचे. तिथून तांबड्या समुद्रातून अरब आणि गुजराती व्यापाऱ्यांच्या हातून हिंदुस्तानच्या पश्चिम किनाऱ्यावर यायचे. आपल्याकडे त्यावरच्या उभ्या आकृती पाहून लोकांनी त्याला नाव दिले पुतळी. त्याच्या नकला सोनारांनी पाडल्या आणि त्या ओवून माळ केली. आजी-पणजीच्या गळ्यातली पुतळ्यांची माळ ती हीच. ख्रिस्ती संताची आकृती, अरबी नावाची टांकसाळ आणि गळा मराठी. तो ऐवज घालताना कुणालाही काही वावगे वाटले नाही.

इथे थोडे थांबायला हवे. अशी शब्दांची यादी वाचली की आपल्यातल्या काही मंडळींची छाती फुगते. ‘युरोपला सगळे आम्हीच दिले’ असे संदेश लगेच फिरू लागतात. शब्द व्यापाराबरोबर गेले हे खरे. पण त्या व्यापारात प्रेम होते असे समजू नये. व्हेनिसचा रक्षक संत मार्क मुळात अलेक्झांड्रियाहून चोरून आणलेला आहे. ८२८ मध्ये दोन व्यापाऱ्यांनी त्याचे अवशेष टोपलीत घातले आणि वर डुकराचे मांस ठेवले, म्हणजे मुस्लिम जकात-अधिकारी हात लावणार नाहीत. सान मार्कोच्या चर्चमधल्या मोझेकमध्ये हा प्रसंग आहे, आणि नाक मुरडणाऱ्या अधिकाऱ्यांच्या तोंडचा शब्दही लॅटिन अक्षरांत दिला आहे: ‘कान्झिर’. म्हणजे खिंजीर. अरबी शब्दांच्या यादीत हाही धरावा.

पुढे पोपने मुसलमानांशी व्यापार करायला मनाई केली तेव्हा व्हेनिसने पोपकडूनच परवाने मिळवले. १२०४ मध्ये जेरुसलेमच्या नावाने निघालेल्या क्रुसेडरांना जहाजे पुरवली आणि त्यांच्याबरोबर जाऊन ख्रिस्ती कॉन्स्टँटिनोपल लुटले. सान मार्कोचे चार कांस्य घोडे त्या लुटीतले. काळ्या समुद्राच्या काठची माणसे गुलाम म्हणून इजिप्तला विकण्याच्या धंद्यातही इटालियन व्यापारी होते, आणि विकत घेणारे आपले ममलुक सुलतान होते. त्या हिशेबात कुणाचेच हात स्वच्छ निघत नाहीत.

मला या शहरात सगळ्यात जास्त विचार करायला लावला तो एका शब्दाने: फोंदाको. मूळ अरबी फुंदुक. सराई आणि वखार एकत्र केली की फुंदुक होतो. खाली माल, वर खोल्या, मधे चौक, एकच मोठा दरवाजा. अलेक्झांड्रियात परदेशी व्यापाऱ्यांना राहण्यासाठी असे फुंदुक दिले जात. व्हेनिसच्या लोकांचेही तिथे होते. आत त्यांना स्वतःचा कॉन्सुल, स्वतःची प्रार्थना, स्वतःची दारू, सगळे चालत असे. फक्त रात्री आणि जुम्म्याच्या नमाजेच्या वेळी फुंदुकचा दरवाजा बाहेरून बंद केला जाई. कारण सुरक्षेचे सांगितले जाई. कुणाची सुरक्षा, आतल्यांची की बाहेरच्यांची, हे त्या कुलपाला ठाऊक.

व्हेनिसने शब्द घेतला, इमारतीचा नमुना घेतला आणि कुलूपही घेतले. १२२८ च्या सुमारास जर्मन व्यापाऱ्यांसाठी रिआल्तोजवळ फोंदाको झाला. व्यापार तिथेच, वास्तव्य तिथेच, सौदा सरकारने नेमलेल्या दलालामार्फत. १५१६ मध्ये ज्यूंसाठी एक बेट ठरवले गेले. त्याच्या पुलांवर फाटके होती आणि ती रात्री बंद होत. पहारेकऱ्यांचा पगार ज्यूंनीच द्यायचा. त्या जागी पूर्वी धातू ओतण्याची भट्टी होती, तिला तिथल्या बोलीत गेतो म्हणत. त्यावरून घेट्टो हा शब्द आला असे मानले जाते. आज मुंब्र्याबद्दल, जुहापुऱ्याबद्दल इंग्रजी वर्तमानपत्रे सहज वापरतात तो शब्द या एका लहानशा बेटावर जन्मला आहे.

तुर्कांची पाळी सगळ्यात शेवटी आली. १५७१ मध्ये लेपांतोला व्हेनिस आणि त्याच्या मित्रांनी उस्मानी आरमाराचा धुव्वा उडवला. शहरात दिवाळी झाली. दोन वर्षांनी, १५७३ मध्ये, व्हेनिसने मित्रांना न विचारता वेगळा तह केला आणि सायप्रस सुलतानाला सोडून दिले, कारण बाजार बंद होता. युद्धाच्या आधी, १५६९ मध्ये, वजीर सोकोल्लू मेहमेद पाशाने मशिदींसाठी ९०० काचेच्या दिव्यांची मागणी व्हेनिसलाच नोंदवली होती. मुरानोच्या भट्ट्यांना हे गिऱ्हाईक सोडवणारे नव्हते. मग तुर्क व्यापारी पुन्हा येऊ लागले. ते भाड्याने घरे शोधत, इकडे तिकडे राहत, आणि शहरात कुजबुज होई. त्यांना एकच घर द्यावे असा प्रस्ताव १५७४ पासून चर्चेत होता. १६०२ मध्ये त्याला विरोध करणारा एक अर्ज सरकारकडे आला. तुर्क एका जागी जमले तर मशीद होईल, आणि मग हे लोक ज्यूंपेक्षाही जड जातील, असे त्याचे म्हणणे. चारशे वर्षांपूर्वीचा हा अर्ज आपल्याला पाठ असल्यासारखा वाटतो.

अखेर १६२१ मध्ये मोठ्या कालव्यावरचा एक जुना वाडा तुर्कांना मिळाला. त्याचे नाव फोंदाको देई तुर्की. नियम कडक होते. हत्यारे दारात ठेवायची. बायका आणि मिसरूड न फुटलेली मुले आत येणार नाहीत. बाहेर पाहणाऱ्या खिडक्या भिंत घालून बुजवल्या. रात्री बाहेरून कुलूप. आत एका बाजूला बोस्निया-अल्बानियाचे लोक, दुसऱ्या बाजूला इस्तंबूल आणि आशियाकडचे. आणि आत नमाजेची खोली होती, हमामही होता. म्हणजे ज्या गोष्टीची अर्जदाराला भीती होती ती झाली, फक्त भिंतीच्या आत. दोन शतकांहून जास्त काळ, १८३८ पर्यंत, हे घर तुर्कांकडे राहिले. दरम्यान व्हेनिस आणि उस्मानी सत्ता क्रीटसाठी पंचवीस वर्षे लढल्या, नंतरही लढल्या. वाडा मात्र त्यांच्याकडेच होता.

याला सहिष्णुता म्हणावे का? माझे मन तयार होत नाही. ज्याला रात्री कोंडून ठेवावे लागते त्याला तुम्ही शेजारी मानलेले नसते. पण दुसरी बाजूही डोळ्यांआड करता येत नाही. ज्यांच्याशी तोफा चालू आहेत त्यांच्यासाठी मोठ्या कालव्यावर, श्रीमंतांच्या वाड्यांच्या रांगेत जागा काढून द्यायची, सुजूदची जागा द्यायची, आणि ती शब्द देऊन टिकवायची. नाव ऐकून ‘फ्लॅट गेला’ असे फोनवर ऐकणाऱ्या आमच्या मुलांना व्हेनिसचा तो लेखी, कडक, अपमानास्पद करारही कदाचित बरा वाटेल. निदान त्यात काय मिळेल आणि काय नाही हे स्पष्ट लिहिलेले होते.

आज तिथे निसर्ग-इतिहासाचे संग्रहालय आहे. १८६० च्या दशकात इमारत इतकी नवी करून बांधली की जुन्या भिंती फार थोड्या उरल्या. आत डायनासोरचा सांगाडा आहे आणि त्याभोवती शाळेच्या मुलांचा गलका.

उलट दिशेने गेलेला एक व्हेनिसकर आपल्या इतिहासात आहे. निकोलाओ मनुची १६३८ मध्ये इथे जन्मला, चौदा-पंधरा वर्षांचा असताना जहाजात लपून पळाला आणि १६५६ मध्ये हिंदुस्तानात पोचला. दारा शुकोहच्या तोफखान्यात नोकरी, नंतर मिर्झा राजा जयसिंगाच्या फौजेत. १६६५ मध्ये पुरंदरच्या वेळी छावणीत शिवाजी महाराजांशी आपले बोलणे झाल्याचे त्याने लिहून ठेवले आहे. पुढे वैदू म्हणून नाव काढले आणि मद्रासला अखेर झाली. व्हेनिसला परतला नाही. त्याच्या हस्तलिखिताचा काही भाग मात्र परतला. तो सान मार्कोच्या चौकातल्या मार्चाना ग्रंथालयात आहे. मनुचीने मोगलांबद्दल बऱ्याच बाजारगप्पा लिहिल्या आहेत, त्या जपूनच वाचाव्यात. पण परक्या मुलखात आयुष्य काढताना त्याच्या दाराला रात्री बाहेरून कुलूप लागले नाही, हे त्याच्याच लिखाणावरून दिसते.

फोंदाकोपासून उत्तरेला कान्नारेज्जो हा शहराचा भाग लागतो. इथे पर्यटक कमी, दोऱ्यांवर वाळत घातलेले कपडे जास्त. प्रथम घेट्टो. जागा वाढवून मिळत नव्हती म्हणून लोकांनी मजल्यावर मजले चढवले, बुटके छत आणि सात-सात मजले. १७९७ मध्ये नेपोलियनच्या सैन्याने फाटके काढली. त्यानंतर दीडशे वर्षांनी, १९४३-४४ मध्ये, फाटके नसतानाही शहरातल्या दोनशेहून अधिक ज्यूंना पकडून मरणछावण्यांकडे पाठवले. चौकात त्यांची स्मृतिफलके आहेत. मी गेलो तेव्हा चौकात पोरे फुटबॉल खेळत होती.

तिथून दहा मिनिटांवर काम्पो देई मोरी, म्हणजे मूरांचा चौक. भिंतीच्या कोपऱ्यात फेटे बांधलेले दगडी पुतळे. लोककथेप्रमाणे हे ग्रीसमधल्या मोरेआ भागातून आलेले मास्तेल्ली बंधू, लबाडी केली म्हणून दगड झालेले. त्यातल्या एकाचे नाक तुटले तेव्हा लोखंडाचे बसवले. जवळच्या वाड्यावर उंट हाकणाऱ्या माणसाचे शिल्प आहे. चित्रकार तिन्तोरेत्तोचे घरही याच काठावर. मूर, तुर्क, ग्रीक, ‘फेटेवाला तो परका’ असा सगळा एकच गोंधळ या भिंतीत झाला आहे. पण उंटाचे शिल्प कुणीतरी पाहून केलेले आहे. त्याच्या पाठीवरचा बोजा बरोबर बांधलेला आहे.

आणखी थोडे चालले की सांता मारिया देल्ला मिझेरिकोर्दिया हे जुने चर्च. चाळीसेक वर्षे ते प्रार्थनेसाठी वापरात नव्हते. मे २०१५ मध्ये क्रिस्टोफ ब्युखेल या कलावंताने आइसलंडच्या वतीने, व्हेनिसच्या बिएन्नाले या जगप्रसिद्ध कला-प्रदर्शनात, या चर्चच्या आत मशीद उभी केली. मेहराब, गालिचे, वझूची सोय, सगळे. मेस्त्रे आणि आसपासचे मुसलमान तिथे आले आणि नमाज पढले. दोन आठवड्यांत अधिकाऱ्यांनी ती बंद केली. परवानगी कलाकृतीची होती, प्रार्थनास्थळाची नव्हती. गर्दी ठरवलेल्या संख्येपेक्षा जास्त झाली. सुरक्षेचा प्रश्न. नियमाच्या भाषेत हे सगळे खरेही असेल. पण हजार वर्षे अलेक्झांड्रिया-इस्तंबूलच्या जिवावर जगलेल्या या जुन्या शहरात तुर्कांच्या त्या कुलूपबंद खोलीनंतर नमाजेची जी उघडी जागा झाली, ती ‘कलाकृती’ म्हणून झाली आणि माणसे खरोखर नमाज पढू लागल्यावर बंद झाली. चर्चच्या बंद दारासमोर मी बराच वेळ उभा होतो. आत डोकावायला फट नव्हती.

तिथून उत्तरेच्या किनाऱ्यावर आलो की समोर पाण्यात विटांची भिंत आणि काळेभोर सरूचे वृक्ष दिसतात. ते सान मिकेलेचे कबरस्तान. वापोरेत्तोतून फुले घेतलेल्या बायका तिकडे उतरत होत्या. या बेटावरच्या फ्रान्सिस्कन साधूंच्या ग्रंथसंग्रहात १९८७ मध्ये आंजेला नुओवो या संशोधिकेला एक पुस्तक सापडले. १५३७-३८ मध्ये व्हेनिसच्या पागानीनी पितापुत्रांनी छापलेले कुरआन. जगातले पहिले छापील अरबी कुरआन. त्याच्या सगळ्या प्रती जाळल्या असे शतकानुशतके सांगितले जात होते. बहुधा उस्मानी बाजारात विकण्यासाठी छापले असावे. पण छपाई इतकी सदोष, दाल आणि झाल यांत फरकच नाही, की कोणताही हाफिज दुसऱ्या ओळीवर पुस्तक मिटेल. धंदा बुडाला. हेच शहर लॅटिनमध्ये इब्न सिनाचा ‘कानून’ आणि इब्न रुश्दची अरिस्टॉटलवरची भाष्ये छापून पैसा कमवत होते. आन्द्रेआ आल्पागो नावाचा वैद्य तीसेक वर्षे दमास्कसला राहून अरबी शिकला आणि त्याने इब्न सिनाचा जुना अनुवाद दुरुस्त केला. त्याची आवृत्ती त्याच्या मृत्यूनंतर, १५२७ मध्ये, इथेच छापली गेली. ज्याने तीस वर्षे दिली त्याचे पुस्तक टिकले, हे छापखानेवाल्यांनी लक्षात घ्यायला हवे होते.

आता आजचे व्हेनिस. रिआल्तोजवळच्या एका औषधाच्या दुकानाच्या काचेत आकड्यांची पाटी आहे. जुन्या शहरात आज किती लोक राहतात ते ती दाखवते. १९५१ मध्ये हा आकडा पावणेदोन लाखांच्या आसपास होता. आता पन्नास हजारांच्या खाली आला आहे. मुले मुख्य भूमीवरच्या मेस्त्रेला जातात, घर पर्यटकांना भाड्याने जाते, खालचे किराणा दुकान मुखवट्यांचे होते. एप्रिल २०२४ पासून काही ठरावीक दिवशी, एका दिवसासाठी येणाऱ्यांकडून प्रवेशशुल्क घेतात; २०२४ मध्ये ते पाच युरो होते. भरतीचे पाणी अडवणारी मोझे नावाची फाटके २०२० पासून समुद्राच्या तोंडाशी उभी राहतात. २०१९ मध्ये १८७ सेंटिमीटरची भरती आली होती. समुद्र अडवता आला. घरभाडे अडवता आले नाही.

शहर चालवणारे हात मात्र आहेत. खानावळीच्या मागच्या दाराशी, हॉटेलच्या जिन्यात, मुखवट्यांच्या टपरीवर कान दिला तर बांगला ऐकू येते. मेस्त्रे आणि मार्गेऱ्यात बांगलादेशी लोकांची मोठी वस्ती आहे. मार्गेऱ्याच्या गोदीत अवाढव्य क्रूझ जहाजे बांधली जातात आणि तिथे हेच लोक मोठ्या संख्येने राबतात. दार-अस-सिनाआ म्हणजे कारागिरीचे घर म्हटले ना, ते आता तिकडे आहे. जुन्या आर्सेनालेत कलाप्रदर्शन भरते.

मी उतरलो होतो त्या हॉटेलात भांडी घासणारा सिलहटकडचा एक तरुण होता. त्याचे हिंदी सिनेमातून आलेले, माझे दखनी, काम चालले. जुन्या शहरात एवढी वर्षे काम करतो, पण इथे एक रात्र झोपलेला नाही, असे तो हसत म्हणाला. पूर्वी परक्याला संध्याकाळी आत कोंडत. आता संध्याकाळी तो आपोआप बाहेर पडतो, भाडेच परवडत नाही. नमाज कुठे, असे विचारले. जुहर मोरीच्या मागे, भांड्यांच्या खोलीत, बसल्या जागी. जुम्मा सुट्टी मिळाली तर मार्गेऱ्याला.

रात्री साडेअकराला तो आणि मी बरोबरच प्याझ्झाले रोमाला आलो. इथून पुढे मोटारींचे जग सुरू होते. मुख्य भूमीकडे जाणारा जवळजवळ चार किलोमीटरचा पूल इथूनच निघतो. मेस्त्रेच्या बसला लांब रांग होती. रांगेत बंगाली, मोल्दोवाच्या बाया, दोन-तीन इटालियन वेटर, सगळ्यांचे पाय अवघडलेले. ‘परवा जुम्मा आहे, भाई,’ तो म्हणाला, आणि माझा फोन घेऊन मार्गेऱ्याच्या बसचा नंबर आणि उतरायचा थांबा त्याने स्वतःच लिहून दिला. बस आली, तो मागच्या दाराने चढला. मी परत फिरलो. पुलावर एक हमाल रिकामी हातगाडी उलटी करून तिच्यावर बसला होता, सकाळच्या नावेची वाट पाहत.